दूध, डिंक आणि 'पुन्हा भाजा'

ग्लेझच्या, म्हणजे मातीच्या भांड्यांवरच्या काचेसारख्या लेपाच्या, दोषांवरचे 'पाच अचूक उपाय' सध्या जिकडेतिकडे फिरताहेत. आमच्याकडे शिकणाऱ्या एकीने ते मला पाठवले आणि वर विचारलं, दूध गायीचं घेऊ की म्हशीचं? तेव्हा लिहिणं भाग आहे.

उपाय थोडक्यात असे. केशतडे, म्हणजे क्रेझिंग, टाळायचे तर भट्टी हळू थंड करा. पडलेच तर भांडं दुधात उकळा. तडे कायमचे बुजतात आणि भांडं खाण्यापिण्याला चालतं. पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, आली तर ग्लेझ जाड लावा. ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडली तर डिंक घाला. काहीच जमलं नाही तर वीस अंश जास्त देऊन पुन्हा भाजा.

आधी दुधाचं बघू. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आक्रसू पाहतं, पण ते मातीला घट्ट धरून असतं. म्हणून ताणलं जातं आणि तडकतं. दुधातलं प्रथिन फटीत जाऊन बसेल, ताणाला त्याने काय फरक पडणार? शेजारी नवा तडा येतोच. शिवाय ते प्रथिन धुण्यात हळूहळू निघतं, आणि निघेपर्यंत ओल्या फटीत जंतूंची सोय करून ठेवतं. 'खाण्यापिण्याला चालतं' म्हणणाऱ्याने आधी माती पाणी किती पिते ते मोजावं. त्याच मातीचा, त्याच कोनला (ठरावीक उष्णतेला वाकणारी, भट्टीत ठेवायची सुळकी) भाजलेला, बिनग्लेझचा तुकडा कोरडा तोला. पाच तास उकळा, चोवीस तास त्याच पाण्यात राहू द्या, वरचं पाणी टिपून पुन्हा तोला. २०० ग्रॅमचे २१२ झाले तर शोषण ६ टक्के. अशा मातीवरच्या तड्यांतून पाणी आत मुरतं आणि मायक्रोवेव्हमध्ये कपाचा कान हात पोळेल इतका तापतो. शोषण १ टक्क्याच्या आत असेल तर धोका बराच कमी, हे खरं. पण तडकलेल्या ग्लेझखालचं भांडं कमजोर असतं, ते असतंच.

भट्टी हळू थंड करण्यात अर्धं तथ्य आहे, तेवढं देऊन टाकू. २०० अंशांना दार उघडलं तर गार हवेने तडे तिथल्या तिथे दिसतात. धीर धरला तर बऱ्याचदा तेच तडे आठवड्यांनी दिसतात, कारण सच्छिद्र माती ओल शोषून किंचित फुगते आणि ग्लेझ आणखी ताणलं जातं. टाइलींसाठीची आयएसओ १०५४५-११ ही चाचणी याचसाठी आहे: टाइल ऑटोक्लेव्हमध्ये ५०० किलोपास्कल दाबाच्या वाफेत दोन तास ठेवतात, मग रंग लावून तडे शोधतात. नुसतं सावकाश निववून काम होत असतं तर हा खटाटोप कुणी केला असता?

इलाज रेसिपीत आहे: ग्लेझ कमी आक्रसेल असं करायचं. १०० भाग कोरड्या ग्लेझला ५, १० आणि १५ भाग सिलिका (गारगोटीची पूड) घालून तीन नमुने भाजा. मग उकळतं पाणी आणि बर्फाचं पाणी यांत आळीपाळीने तीन-तीन वेळा बुडवून बघा. सिलिकाने ग्लेझ नीट वितळेनासं झालं, तर सोडा फेल्डस्पार (ग्लेझ वितळवणारं खनिज) थोडं कमी करून कमी प्रसरणाचं बोरॉन फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) घ्या. मात्र सिलिकाचा अतिरेक झाला की उलटा रोग होतो. त्याला शिव्हरिंग म्हणतात; त्यात कडांवरून ग्लेझच्या धारदार कपच्या उडतात. ते भांडं वापरात ठेवायचंच नाही.

पिनहोलवर जाड थर म्हणजे आगीत तेल. भोकं वायूची असतात. नुसतं व्हायटिंगच (चुनखडीची भुकटी) भट्टीत आपल्या वजनाच्या ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतं. जाड थरातून तो बाहेर पडणार कसा? बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची भाजणी, ७०० ते ९०० अंशांदरम्यान सावकाश, हवा खेळती ठेवून करा. ग्लेझच्या भट्टीत शिखर गाठल्यावर ५० अंश उतरा आणि तिथे अर्धा तास थांबा.

डिंकाने भुकटीसारखा थर धरून राहतो, एवढंच. बिस्क झालेल्या भांड्यावरची धूळ, बोटांचं तेल किंवा रेसिपीतली जादा कच्ची माती हे डिंकाच्या आवाक्याबाहेरचं. ओल्या स्पंजने पुसा, आणि रेसिपीतलं निम्मं केओलिन (पांढरी चिनी माती) भाजलेलं वापरा. पाणी उडाल्यामुळे १० भाग कच्च्याऐवजी साधारण ८.७ भाग भाजलेलं पुरतं.

राहिलं 'पुन्हा भाजा'. भट्टीत ठेवलेला विटनेस कोन वाकलाच नसेल, तर ग्लेझ कच्चं आहे. तेव्हा त्याच कोनपर्यंत जरूर पुन्हा भाजा. कोन पुरता वाकलेला असताना वर वीस अंश दिले तर ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटतं, नाहीतर फोड येतात. उघड्या पडलेल्या जागी ग्लेझ लावायचं असेल, तर भांडं आधी १०० अंशांच्या आसपास गरम करा. गार, गुळगुळीत पृष्ठभागावर नवा थर टिकत नाही.