राखेशी गुणांक जुळला, म्हणून मूलद्रव्य खनिजात सापडलं असं होत नाही

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: कोळशातल्या आर्सेनिक, क्रोमियम अशा लेश (अगदी अल्प प्रमाणातल्या) मूलद्रव्यांचा राखेशी, म्हणजे कोळसा जळल्यावर उरणाऱ्या खनिज भागाशी, सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती एकत्र वाढतात-घटतात ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त 1) 0.9 आला की ते मूलद्रव्य कोळशाच्या सेंद्रिय, म्हणजे जळणाऱ्या भागात नसून खनिजात आहे हे उघडच आहे, त्यावर शंका घेणं म्हणजे उगाच बाऊ करणं. शिवाय लहान प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसतो, एक्सेलचा तक्ता असतो. मग त्यांनी करायचं काय? हा दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याकडे शेवटी येतो. पहिला मुद्दा मात्र मला मान्य नाही.

एक हिशेब करून पाहा, गुणांक किती फसवतो ते कळेल. चार नमुने घ्या, राख 10, 20, 30 आणि 40 टक्के. संपूर्ण कोळशात 'क' हे मूलद्रव्य अनुक्रमे 6, 5, 5, 6 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आहे आणि 'ख' 2, 2, 3, 3 पीपीएम. दोघांचा गुणांक काढा, शून्य येईल. आता हेच आकडे राखेच्या आधारावर मांडा, म्हणजे प्रत्येकाला त्या त्या नमुन्यातल्या राखेच्या प्रमाणाने भागा. 'क' होतो 60, 25, 16.7, 15, 'ख' होतो 20, 10, 10, 7.5. गुणांक आता 0.98! कोळसा तोच आणि मोजणीही तीच. दोन्ही रांगांना एकाच संख्येने भागलं, इतकाच फरक. सामाईक छेदामुळे नसलेला संबंध दिसू लागतो, हे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने 1897 मध्येच सांगून ठेवलं आहे. तरीही आधार कोणता घेतला हे न लिहिता गुणांकांचे तक्ते छापले जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

संपूर्ण कोळशाचा आधार घेतला तरी सुटका नाही. सगळ्या घटकांची बेरीज 100 टक्केच असल्यामुळे राख वाढली की सेंद्रिय भाग घटणारच, आणि त्या ओढाताणीत बाकीचे आकडेही सरकतात. संख्याशास्त्रज्ञ जॉन एचिसन यांनी 1980 च्या दशकात यावर लॉग-गुणोत्तरांचा मार्ग मांडला, म्हणजे सुटे आकडे न घेता दोन घटकांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घ्यायचा. वरच्या पहिल्या नमुन्यात क आणि ख यांचं गुणोत्तर कोळशात 6 ला 2, राखेत 60 ला 20, दोन्हीकडे 3. आधार बदलला तरी ते हलत नाही. म्हणून मी त्या पद्धतीचा आग्रह धरतो. पण तीसुद्धा कोणती मूलद्रव्यं एकत्र वाढतात-घटतात एवढंच सांगते. अणू कुठे बसला आहे, हे तिला दिसत नाही.

आता प्रत्यक्ष कोळशाकडे या. वर्धा खोऱ्यातल्या गोंडवाना कोळशात राख भरपूर आणि गंधक कमी. त्या राखेत मुख्यतः चिकणमातीची खनिजं आणि क्वार्ट्झ असतात, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) अगदी थोडं. समजा आर्सेनिक सगळं पायराइटमध्ये आहे, म्हणजे पक्कं खनिजात. तरी राखेशी त्याचा गुणांक शून्याच्या आसपास येऊ शकतो. आसामच्या माकूमचा कोळसा नेमका उलटा: राख कमी, गंधक जास्त, आणि त्यातला मोठा भाग सेंद्रिय. तिथे एकूण गंधकाशी संबंध लावून पायराइटबद्दल बोलणं धोक्याचं.

आणखी एक. 40 मूलद्रव्यं मोजली की 780 जोड्या होतात. योगायोगाची पाच टक्के शक्यता चालवून घेतली, तर त्यातल्या सुमारे 39 निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय' ठरतील. बारा-पंधरा नमुन्यांवर कोणी मूलद्रव्यांचे गट पाडून दाखवले की मी म्हणूनच थांबतो.

बाऊ का करतो, तर यावर निर्णय होतात म्हणून. आर्सेनिक पायराइटमध्ये असेल तर वॉशरीत (कोळसा धुण्याच्या कारखान्यात) धुऊन ते बरंच निघतं, पण रिजेक्टच्या, म्हणजे धुऊन वेगळ्या काढलेल्या टाकाऊ मालाच्या ढिगात जातं. पावसात पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन आम्लयुक्त पाणी ते बाहेर सोडू शकतं, आणि ढिगाशेजारी लोकांच्या विहिरी असतात. सेंद्रिय भागात असेल तर धुण्याने फारसं काही साधत नाही. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात आर्सेनिकयुक्त कोळशाच्या चुलीवर मिरच्या वाळवून खाणाऱ्या माणसांना विषबाधा झाली. तिथल्या काही कोळशांत आर्सेनिक पायराइटमध्ये सापडलंच नाही, बरंचसं सेंद्रिय भागाशी निगडित होतं.

आता लहान प्रयोगशाळेचं. फ्लोट-सिंक चाचणी कोळशाच्या लोकांना नवी नाही. एकच नमुना दळून वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांत टाका आणि तरंगलेल्या व बुडालेल्या प्रत्येक भागातलं आर्सेनिक वेगळं मोजा. खनिजं जड असल्यामुळे बुडतात, म्हणून एकूण आर्सेनिकपैकी किती वाटा जड भागात गेला, हा आकडा धुण्याच्या प्रश्नाचं थेट उत्तर देतो. कोळशात रुतलेलं बारीक पायराइट हलक्या भागातच राहतं, म्हणून आणखी बारीक दळून चाचणी पुन्हा करावी. तीन-चार नमुन्यांवर एवढं केलंत, तरी ते मला शंभर नमुन्यांच्या गुणांकापेक्षा जास्त पटेल.

तुमच्याकडे तक्ता आहे असं लिहिलंय. त्यातले आकडे संपूर्ण कोळशावर आहेत की राखेवर, आणि शोधमर्यादेखालच्या (यंत्राला मोजता न येण्याइतक्या कमी) नोंदींच्या जागी काय भरलंय, एवढं कळवा. मी स्वतः गणित करून पाहतो.