‘स्नॅपशॉट्सचं फोल्डर उडवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगलीतल्या हिशेबनीस मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचंय? फक्त व्हीडीआय फाइल पेनड्राइव्हवर घ्या. स्नॅपशॉट्सचं फोल्डर कचरा आहे, उडवा. मशीन शटडाऊन करायची गरज नाही. व्हीएमवेअरसाठी एक्स्टेन्शन बदला. विंडोज, लिनक्स, मॅक, कुठेही चालेल.’ व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर ही असे कॉम्प्युटर चालवणारी सॉफ्टवेअरं, आणि व्हीडीआय फाइल म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समधल्या अशा कॉम्प्युटरची हार्डडिस्क. माझा मावसभाऊ मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांचे हिशेब लिहितो. त्याचं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर व्हर्च्युअलबॉक्समधल्या विंडोजवर चालतं आणि आता त्याने लिनक्सचा लॅपटॉप घेतलाय. फोल्डर उडवण्याआधी त्याने फोन केला, म्हणून वाचला.

ते फोल्डर कचरा मुळीच नाही. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती, घेतला की मूळ व्हीडीआय फाइल तिथेच गोठते. त्यानंतरची प्रत्येक नोंद स्नॅपशॉट्सच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये जाते. भावाला म्हटलं, दोन्ही फाइलींच्या तारखा बघ. मूळ फाइल दिवाळीत थांबलेली, कारण स्नॅपशॉट तेव्हाचा. आणि महिरपी कंसातलं लांबलचक नाव असलेली दुसरी फाइल आजच्या तारखेची. म्हणजे दिवाळीपासूनची सगळी आवक, पट्ट्या, येणी त्या ‘कचऱ्यात’. फोल्डर पुसून मूळ फाइल नव्या लॅपटॉपवर लावली असती तर विंडोज बिनबोभाट सुरू झालं असतं, एकही एरर न दाखवता, आणि हिशेब मात्र दिवाळीपाशी थांबलेला. असला सल्ला पडताळून न बघता पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

एक्स्टेन्शन बदलल्याने फाइलचा आतला साचा बदलत नाही, त्यामुळे व्हीएमवेअर ती उघडणार नाही. ती रीतसर रूपांतरितच करावी लागते. शटडाऊनचं म्हणाल तर ‘सेव्ह स्टेट’मध्ये, म्हणजे मशीन बंद न करता आहे तसं गोठवून ठेवलं तर, चालू प्रोसेसरची अवस्था साठवलेली असते, दुसऱ्या प्रोसेसरवर ती उठेलच याची खात्री नाही. विंडोज नीट बंद करा. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही.

‘कुठेही चालेल’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. आतल्या विंडोजला व्हर्च्युअलबॉक्सचं तेच आभासी हार्डवेअर दिसतं, त्यामुळे बाहेर विंडोज आहे की लिनक्स, याने फारसं बिघडत नाही. पण २०२०च्या अखेरीस आलेल्या एम१ आणि पुढच्या चिपच्या मॅकवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये इंटेल-एएमडीसाठीचं विंडोज चालत नाही. तिथे प्रोसेसरच वेगळा आहे.

योग्य वाट व्हर्च्युअलबॉक्सच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये दिलेली आहे. मशीन बंद करा, फाइल मेनूतून ‘एक्स्पोर्ट अप्लायन्स’ने ओव्हीए (अख्खं मशीन एकाच फाइलमध्ये) बनवा आणि नव्या कॉम्प्युटरवर ती इम्पोर्ट करा. मॅन्युअल स्पष्ट सांगतं की एक्स्पोर्टमध्ये स्नॅपशॉट वेगळे राहत नाहीत, मशीनची फक्त सध्याची स्थिती जाते. भावाला तेवढीच हवी होती. जुने स्नॅपशॉटही हवे असतील तर मशीनचं अख्खं फोल्डर उचला, सेटिंग्ज साठवणाऱ्या व्हीबॉक्स फाइलसकट.

नंतर दोन ठिकाणी हात फिरवावा लागतो. शेअर्ड फोल्डरचा (आतल्या आणि बाहेरच्या कॉम्प्युटरमधलं सामायिक फोल्डर) सी ड्राइव्हचा पत्ता लिनक्सवर नसतो, तो नव्याने द्या. नेटवर्क ‘ब्रिज्ड’ असेल, म्हणजे लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डातून थेट जोडलेलं असेल, तर नव्या लॅपटॉपचं कार्ड निवडा. आणि जुनी प्रत लगेच पुसू नका. शेवटच्या सौद्याची पट्टी नव्या लॅपटॉपवर उघडा, रक्कम कागदाशी जुळली तरच पुसा.