माळावरची झाडं तोडली म्हणून हळहळण्याआधी

उन्हाळा आला की एक फोटो आमच्या सोलापूरकडच्या सगळ्या ग्रुपांवर हटकून फिरतो. माळावर तोडलेल्या झाडांचा ढीग, शेजारी सरकारी जीप, आणि खाली मजकूर: 'वन्यजीवांच्या नावाखाली जंगलतोड! झाडं गेली की प्राणी कुठं जाणार? ओसाड माळ हिरवा करायचा सोडून हिरवा माळ ओसाड करतायत. निसर्गाला हात लावू नका, तो आपोआप सावरतो. हे सगळं शिकाऱ्यांच्या सोयीसाठी. पुढे पाठवा.' मलाही यंदा तो चार जणांनी पाठवला. चौघंही भली माणसं, म्हणून सविस्तर लिहितोय. थोडक्यात म्हणणं एवढंच: आमचा माळ मूळचा गवताचा, आणि त्यावर बाहेरून आणून लावलेली झाडं काढणं म्हणजे जंगलतोड नव्हे.

सुरुवात 'ओसाड' या शब्दापासून. या मेसेजची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. माळ म्हणजे एके काळचं जंगल, माणसानं तोडून खाल्लेलं, असं आपण शाळेपासून धरून चाललो आहोत. कुठं कुठं तसं झालंही असेल. पण सोलापूर, बारामती, इंदापूर, कर्जत हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेताचा, मातीचा थर बोटभर, खाली मुरूम. इथं गवत हाच मूळचा मालक, आणि मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ, तरवड. मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी ही गवतांची नावं आमच्याकडच्या मेंढपाळाला अजून तोंडपाठ आहेत. ज्या जमिनीतल्या गवताला इतकी नावं, ती ओसाड कशी?

ती ओसाड ठरली कागदावर. महसुली कागदात पडीक, केंद्राच्या नकाशातही 'पडीक जमीन'. १९८५ साली अशा जमिनी 'विकसित' करायला राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं. आपल्या राज्यात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांसाठी ४, १३ आणि ३३ कोटी अशी मिळून ५० कोटी झाडांची उद्दिष्टं ठरली. एवढी झाडं लावायला मोकळी जागा दिसणार कुठं? माळावरच. मग सलग समतल चर खणायचे, काठानं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हे परदेशी झाड) लावायचं. गिरिपुष्प का, तर ते भराभर वाढतं आणि जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणजे जगलेल्या रोपांचा आकडा चांगला दिसतो. गंमत बघा: ज्याला कुणी खात नाही ते झाड वन्यजीवांसाठी लावायचं. याच 'पडीक' शिक्क्यावर उद्या सोलर प्रकल्प येतो, परवा एमआयडीसी येते, तेव्हा मात्र ग्रुप गप्प असतो.

आता 'झाडं गेली की प्राणी कुठं जाणार?' हा प्रश्न चांगला आहे, फक्त प्राणी कोणता ते विचारायचं राहिलंय. माळढोक घ्या. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. हा पक्षी झाडावर बसत नाही. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते आणि चारी दिशांना नजर पोचेल अशी जागा निवडते. काळवीट लपून जीव वाचवत नाही, लांबून पाहून पळून वाचवतो. भर झाडीत त्याची नजर आणि त्याचे पाय दोन्ही निकामी. खोकड, धाविक, चंडोल यांचंही तसंच, मोकळ्या जागेवर जगणारी मंडळी. त्यांच्या माळात गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या करणं म्हणजे कोळ्याला 'तुझ्या तळ्यात छान भराव टाकून दिलाय, आता घर बांध' म्हणण्यासारखं. नान्नजच्या माळावरही हे झाड लागलं होतं. माळढोक संपत आला तो काही एकट्या झाडांमुळं नाही. विजेच्या तारा, कालव्याचं पाणी आल्यावर पसरलेला ऊस, भटकी कुत्री, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण राहिलेल्या तुकड्यातही आपण झाडं कोंबली, हे विसरून कसं चालेल?

'निसर्ग आपोआप सावरतो.' सावरला असता, आपण मध्ये पडलो नसतो तर. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६१ पासून वनखात्यानंच वेडी बाभूळ (हे परदेशी काटेरी झाड) लावली, रणातला खारटपणा पुढं सरकू नये म्हणून. आज तिनं गवताचा केवढा तरी पट्टा गिळलाय. भावनगरजवळच्या वेळावदरला तर काळवीटच तिच्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बिया पसरवतात. म्हणजे ज्याचं घर जातंय तोच नकळत काटे पेरतोय. इथं हात न लावणं म्हणजे वेड्या बाभळीच्या बाजूनं मत देणं. घाणेरीची (टणटणीची) तीच कथा. नुसती वरून छाटली तर दुप्पट फोफावते, मुळाच्या गड्ड्याखाली घाव घालून उपटावी लागते आणि पुढची दोन-तीन वर्षं रोपं वेचत बसावं लागतं. हे काम जेसीबीनं होत नाही.

उलट हात लावून काय होतं याचं उदाहरण कान्हाचं. तिथल्या बारशिंग्यांची संख्या १९७० साली ६६ वर आली होती. सोंफसारखी गावं हलली, त्यांच्या शेतांवर गवत येऊ दिलं, कुंपणाचं संरक्षण दिलं, आणि तोच कळप पुढं शेकड्यांत गेला. आपल्या मेळघाटात आणि ताडोबात गाव उठल्यावर जुन्या शेतांवर पहिला येतो तो तरोटा आणि रानतुळस. ती बी धरायच्या आत उपटायची, स्थानिक गवताचं बी फेकायचं, मग चितळ येतात. नुसतं 'आपोआप' म्हणून सोडलं तर तरोट्याचंच रान.

राहिला शिकारीचा आरोप. भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, त्यामुळे आरोप इथंच संपतो. पण त्यात एक अर्धसत्य आहे. अमेरिकेत जमीनमालक खरोखरच शिकारीसाठी झाडोरा विरळ करतात, गवत जाळतात. जॉर्जियात थॉमसव्हिलच्या आसपास श्रीमंतांनी बॉबव्हाइट या तित्तिराएवढ्याही नसलेल्या पक्ष्याच्या शिकारीसाठी पाइनची रानं वर्षा-दोन वर्षांनी जाळत ठेवली. परिणाम असा की इतरत्र नाहीशी झालेली लांब सुयांच्या पाइनची जुनी रानं तिथं टिकली, आणि त्यांवर जगणारा दुर्मीळ सुतारपक्षीही. शिवाय १९३७ पासून तिथं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मला शिकारीचं कौतुक नाही. (आपला काळवीटही टेक्सासच्या कुरणांवर १९३० च्या दशकात नेला गेला, तो काही प्रेमापोटी नव्हे.) पण वेळावदरही एके काळी भावनगर संस्थानाची राखलेली वीडी, म्हणजे गवताचं कुरण, होती, म्हणून तर ते गवत शिल्लक राहिलं. हेतू कसाही असो, गवताला माणसाची राखण लागते.

जाळण्याबाबत मात्र मी मेसेजवाल्यांच्या जवळ आहे. काझीरंगात दर हिवाळ्यात गवत ठरवून जाळतात, तिथं हत्तीगवत माणसाच्या डोक्यावरून जातं. आमच्या गुडघाभर गवताला तो न्याय लावू नये. वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेली पट्टी, म्हणजे जाळरेषा, ठीक, अख्खा माळ पेटवणं नको. आपल्याकडं पेटतो तो बहुतेकदा निष्काळजीपणानं, आणि वारंवार पेटला की मारवेल मागं पडतं, कुसळी पुढं येते.

आणि हो, तोडीच्या नावाखाली भलतंच तुटण्याची भीती खोटी नाही. म्हणून पुढच्या वेळी फोटो आला की आधी ढिगातली झाडं ओळखा. बोर, हिवर, खैर, देशी बाभूळ दिसली तर खुशाल आरडाओरडा करा, मीही येतो. गिरिपुष्प, सुबाभूळ, वेडी बाभूळ असली तर फोटो पुढं ढकलू नका. त्याऐवजी पावसाळ्यात तिथं एक चक्कर मारा आणि बुंधे बघा. वेड्या बाभळीला कोंब फुटलेले दिसले, तर तक्रार करा की तोड अर्धवट केलीय.