यिर्मयाच्या पत्रातली वरची ओळ

ठाणे-ऐरोलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘ख्रिस्ती धर्मात सगळे देवच घडवतो, म्हणून माणूस कळसूत्री बाहुली, संकट येते ते पाप्यावर, आणि देव पाठीशी असला की अडचण लगेच सुटते.’ तिन्ही विधाने ख्रिस्ती शिकवणीच्या नावावर खपवलेली आहेत.

बाहुलीचे आधी पाहू. बायबलमधला योसेफ त्याला हेव्यापोटी गुलाम म्हणून विकणाऱ्या भावांना पुढे सांगतो की तुम्ही वाईट योजले, देवाने त्यातूनच भले योजले (उत्पत्ती 50:20). भावांचा दोष तो पुसत नाही. इ.स.पू. 539 मध्ये बाबेल (बॅबिलोन) जिंकणाऱ्या पर्शियाच्या कोरेश राजाने तिथल्या बंदिवान यहुद्यांना मायदेशी जाऊ दिले, म्हणून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ त्याला देवाचा अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडलेला, म्हणतो आणि ‘तू मला ओळखत नसताही’ असेही लगेच जोडतो. खुद्द कोरेशाच्या मृत्तिकालेखात विजयाचे श्रेय मर्दुक या बाबेलच्या देवाला आहे! राजा आपल्या हिशेबाने वागला. त्या वागण्यातून देवाचा हेतू पुढे सरकला, एवढेच ख्रिस्ती माणूस म्हणतो. कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या परंपरेत पूर्वनियोजनावर, म्हणजे देवाने सगळे आधीच ठरवले आहे यावर, फार भर आहे हे मान्य, पण माणसाची जबाबदारी तीही नाकारत नाही.

दुसऱ्या विधानाचा निकाल येशूनेच लावला आहे. शिलोहचा बुरूज कोसळून 18 जण मेले, ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ म्हटले (लूक 13). ठाण्यातच 1321 मध्ये संत फ्रान्सिसच्या संघातले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू श्रद्धेपायी मारले गेले. चर्च त्यांना हुतात्मे मानते.

तिसरे विधान मात्र आमच्याच ख्रिस्ती घरांतून पसरते. नगर-जालन्याकडून येऊन ऐरोलीत सिडकोच्या घरात संसार थाटलेल्या कितीतरी कुटुंबांच्या भिंतीवर यिर्मया 29:11 छापलेले कॅलेंडर असते: देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे वचन यिर्मया संदेष्ट्याने बाबेलातल्या बंदिवान यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या वरची ओळ कॅलेंडरवाला छापत नाही. त्या दहाव्या वचनात 70 वर्षांची मुदत आहे, म्हणजे बाबेलात हे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. लवकर सुटकेची ग्वाही देणाऱ्या संदेष्ट्यांवर विश्वास ठेवू नका, असे तेच पत्र बजावते. त्या लोकांना मिळालेले मार्गदर्शन असे होते: घरे बांधा, मळे लावून त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या शहराने तुम्हाला कैद केले त्याच्याच हितासाठी प्रार्थना करा.