११५ मिलीची बाटली, १८ टक्के कर

मक्याच्या तणनाशकाचा भाव ऐकून डोकं फिरतं. एकरी ११५ मिली टेम्बोट्रिऑन, हेच ते तणनाशक. एवढ्याशा बाटलीला जे पैसे मोजावे लागतात, ते नाशिक जिल्ह्यातल्या येवला, चांदवड, नांदगावच्या कोरडवाहू मक्याने फेडायचे तरी कसे? २०२५-२६ चा हमीभाव २,४०० रुपये क्विंटल, तोही कागदावर. लिलावात ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की लगेच भाव पाडतात. औषधाच्या भावात मात्र घासाघीस नाही.

त्यात १८ टक्के जीएसटी. बाटली १,१८० ची असेल तर १८० रुपये निव्वळ कराचे. कंपनी, वितरक, दुकानदार आपापला कर पुढच्याकडून वळता करून घेतात, शेतकऱ्याला पुढे कोणीच नाही, तो त्याच्याच अंगावर पडतो. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ वर आला, काही जैविक कीटकनाशकांवरचाही आला. रासायनिक तणनाशक होतं तिथेच ठेवलं. का? जुलैत वापसा नाही, म्हणजे रान कामाजोगं सुकत नाही, कोळपं चालत नाही, खुरपणीला बाया मिळत नाहीत. तेव्हा हे काय हौसेने मारतात?

एमआरपीला तर काही अर्थच उरलेला नाही. एकच घटक, तेच ३४.४ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट द्रव औषध), लेबल बदललं की भाव बदलतो आणि गाव बदललं की पुन्हा बदलतो. पक्कं बिल मागितलं की दुकानदाराचं तोंड वाकडं, आणि बाटलीसोबत टॉनिकची पुडी गळ्यात. बिल देणं कायद्याने बंधनकारक आहे. ते घ्याच, बॅच नंबरसकट. औषध लागू पडलं नाही तर त्या कागदाशिवाय तक्रारीला उभंसुद्धा करत नाहीत.

भाव परवडत नाही म्हणून लोक मात्रा निम्मी करतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. २०० लिटर पाण्याचा हिशेब धरला तर १६ लिटरच्या पंपाला सुमारे ९ मिली येतं. तिथे ५ मिली टाकलं की तण पांढरं पडतं, बघणाऱ्याला मेल्यासारखं वाटतं, आणि पुढे बुडातून पुन्हा हिरवं फुटतं. तोवर तण मोठं झालेलं असतं, पूर्ण मात्राही मग पुरत नाही. तण २ ते ४ पानांवर असतानाच मारायचं, सोबत सरफॅक्टंट (औषध पानावर पसरवणारं द्रावण) हवाच, नोझल फ्लॅट फॅन, म्हणजे पसरट फवारा देणारं. लव्हाळा असेल तर यावर भरवसा ठेवू नका, त्याला हॅलोसल्फ्युरॉन हे वेगळं तणनाशक लागतं, म्हणजे आणखी एक खर्च.

दुसरी पळवाट ॲट्राझीन या दुसऱ्या तणनाशकाची. ते स्वस्त, म्हणून एकरी ५०० ग्रॅमच्या जागी किलो-दीड किलो ओततात. आपल्याकडच्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत त्याचं लवकर विघटन होत नाही. मका निघाला की त्याच रानात कांदा लागतो. रोप बसत नाही, पात शेंड्याकडून पिवळी पडत जाते, आणि दुकानात सांगतात करपा रोग आलाय. मग करप्याची फवारणी सुरू. रोग नसलेल्या कांद्यावर औषध पडतं आणि पैसे पुन्हा त्याच खिशातून जातात.