खुलासा : आल्प्समधला मिथेन खरा, ‘अक्षय साठा’ मात्र खोटा

‘नैसर्गिक वायू जीवाश्मांपासून बनतच नाही, तो पृथ्वीच्या पोटात सतत तयार होतो, म्हणून कधी संपणार नाही, इटलीत सिद्ध झालं’ असा मजकूर फिरतोय. यात अर्धं सत्य आहे, आणि तेच जास्त फसवतं.

इटालियन आल्प्समधल्या लांझो भागातल्या खडकांवर संशोधन झालंय, हे खरं. पृथ्वीच्या कवचाचा एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकताना हे खडक खोल दाबले गेले आणि पुढे पर्वत उभा राहताना वर आले. त्यांतल्या ऑलिव्हिन या हिरवट खनिजाच्या कणांत, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील असे द्रवाचे बारीक कप्पे अडकलेत. लेझर टाकून पाहिलं तर आत मिथेन (नैसर्गिक वायूतला मुख्य घटक) आणि हायड्रोजन सापडतो. ऑलिव्हिनमधल्या लोहाची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, आणि खडकातल्या कार्बोनेटमधला कार्बन त्याला मिळाला की मिथेन. इथे जीवाश्मांची गरज नाही.

पण म्हणून साठा हाती लागला असं कुठे? हा वायू तीस-चाळीस किलोमीटर खोलीवर तयार झाला; माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक, रशियातलं कोला, १२,२६२ मीटरवरच थांबलं. शिवाय ही प्रक्रिया लाखो वर्षांच्या हिशेबाने चालते, आपण जाळतो त्या वेगाने नव्हे.

आपल्या वसईच्या समुद्रातला वायूही गाळाच्या खडकांत गाडल्या गेलेल्या सेंद्रिय पदार्थांचाच आहे. जगभर विकला जाणारा बहुतांश वायू तसाच. कार्बन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) वायूचं मूळ बरंचसं ओळखता येतं.