विमानं पाऊस पळवत नाहीत, मामा

जूनच्या शेवटी मामांनी काटोलजवळच्या शेतातून व्हिडिओ पाठवला. निळं आभाळ, त्यात लांब पांढरी रेघ आणि मागून त्यांचा आवाज: "पाह्य बाबू, मारला फवारा. आता येते का पाऊस?" खाली तो फॉरवर्ड, जो नागपुरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेलाय. त्यात लिहिलंय की विमानं रसायन फवारून ढग फोडतात, म्हणून विदर्भ कोरडा. लॉकडाउनमध्ये विमानं बंद होती, म्हणून 2020 ला पाऊस चांगला झाला. सरकारनेच फवारणी कबूल केली आहे. हवामान खातंही सामील आहे, त्याचा अंदाज मानू नका. आणि शेवटी, विमानाने माणसाला युद्धाशिवाय काही दिलं नाही.

फवाऱ्याबद्दल मामांना मी काय सांगणार, चाळीस वर्षं शेती केलीय त्यांनी. म्हणून त्यांनाच विचारलं. पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारताना वारा सुटला तर काय करता? थांबता. कारण हातभर अंतरावरून सोडलेलं औषधही भलतीकडे उडतं. मग दहा-अकरा किलोमीटरवरून सोडलेलं तुमच्याच शिवारावरच्या ढगाला नेमकं कसं लागेल?

ती रेघ पाण्याची आहे. एक किलो विमानाचं इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. त्या उंचीवर तापमान बहुतेकदा उणे चाळीसच्याही खाली, त्यामुळे वाफेचे लगेच बर्फाचे कण होतात. डिसेंबरच्या पहाटे मोटरसायकल सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरी वाफ दिसते ना, तसंच. वरची हवा कोरडी असेल तर रेघ विरते, दमट असेल तर पसरत राहते. आपल्याकडे रेघा दिसायच्याच, दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता ही विमानं आपल्याच डोक्यावरून जातात. 2016 मध्ये या विषयातल्या 77 शास्त्रज्ञांना विचारण्यात आलं. 76 जण म्हणाले, गुप्त फवारणीचा पुरावा आम्हाला कुठेही दिसला नाही. उरलेल्या एकाला एका दुर्गम भागाच्या हवेत बेरियम हा धातू जास्त आढळला होता, एवढंच.

ढग फोडण्याचं तर बोलूच नका. गडगडाटी ढग दिसला की वैमानिक त्याला लांबून वळसा घालतात. आणि विमानामुळेच पाऊस जात असेल तर 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांतात (नागपूर तेव्हा त्यातच होतं) माणसं कशाने मेली? राइट बंधूंचं विमान उडालं 17 डिसेंबर 1903 ला. लॉकडाउनचंही तसंच. 2020 ला देशात मान्सून सरासरीच्या 109 टक्के झाला, खरं आहे. पण आदल्या वर्षी, आभाळ विमानांनी भरलेलं असताना, तो 110 टक्के होता.

सरकारच्या कबुलीत अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. 2019 मध्ये औरंगाबादहून कृत्रिम पावसासाठी विमानं उडवली होती. पण ती पाऊस वाढवायला, आणि मुळात ढग असला तरच त्याचा काही उपयोग. विमानांच्या धुराने आणि त्या रेघांनी पृथ्वी थोडी तापते, हेही खरं. त्यावर भांडा, मी सोबत येतो.

माझा खरा राग आहे तो मेसेजमधल्या हवामान खात्याबद्दलच्या वाक्यावर. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. यंदा मान्सून लांबणार हा अंदाजही होता. मामांनी तो या मेसेजमुळे खोटा मानला आणि पहिल्याच सरीवर सोयाबीन पेरलं. मग वीस दिवस उघाड. मी गेलो तेव्हा त्यांनी तासातली माती बोटाने उकरून दाखवली. दाणा फुगून तिथेच वाळला होता. आता दुबार पेरणी, बियाणं उधारीवर. मेसेज लिहिणाऱ्याचं यात काय गेलं?

आणि हा अंदाज येतो कशातून? नागपूर विमानतळाजवळच्या सोनेगावच्या हवामान केंद्रातून फुगे सोडतात, रडार आहे, उपग्रह आहेत, आणि हो, विमानंही आहेत. प्रवासी विमानं उडताना तापमान आणि वारा मोजून ते आकडे पाठवत असतात. 2020 मध्ये उड्डाणं थांबली तेव्हा हे आकडे इतके घटले की जागतिक हवामान संघटनेने काळजी व्यक्त केली.

विमानाने युद्धं भीषण केली, हिरोशिमा कोण विसरेल? पण "काहीच दिलं नाही" हे नागपूरच्या माणसाने तरी म्हणू नये. 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री इथेच उतरायची, एकमेकांच्या थैल्या बदलायची आणि परत उडायची. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी मद्रासला पोचायचं, ते आपल्या सोनेगाववरून.

मामा, दुसऱ्यांदा पेरण्याआधी सरळ भिंतीचा एक डबा अंगणात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. बेरीज दहा सेंटिमीटर झाली की 100 मिलिमीटर झाला. मग मला फोन करा, मी येतो पेरणीला.